दादा अकरा वाजता येतील

माणूस भुताला घाबरतो, हे खरं. पण काही माणसं भुताला स्वतः दार उघडून आत घेतात, पाट मांडतात आणि रोज सकाळी त्याची हजेरीसुद्धा लावतात. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीतल्या ताईने अगदी तेच केलं.

ताई म्हणजे तक्रारी घेणारी बाई. तळमजल्यावरची अरुंद खोली, एक टेबल, दोन फोन, समोर भिंतीवर खुंट्यांची रांग. कामावर जाताना कारागीर आपापली पिशवी खुंटीवरून काढून नेत, परत आले की अडकवत. कोण बाहेर आहे आणि कोण आत, हे मान वर केली की दिसायचं. पहिल्या खुंटीवर तिच्या सख्ख्या भावाची पिशवी असायची. हे दादा. तिला या नोकरीला लावलं त्यांनीच, आणि तिचे दादा म्हणून सगळ्या कंपनीचेही दादाच.

दादांची तऱ्हा सगळ्यांहून वेगळी. बोलायचा त्यांना मनस्वी कंटाळा. इमारतीत गेले की वॉचमनला रामराम नाही की चहापाणी नाही. सरळ जिने चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायचे, काम करायचे, मोटरशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने तारीख टाकायचे आणि आले तसे निघून जायचे. लोकांना कळायचं ते लिफ्ट चालायला लागली की. "तुझा भाऊ माणूस आहे की वारा?" असं वॉचमन ताईला विचारायचे, आणि ती म्हणायची, "वारा परवडला. वाऱ्याची चाहूल तरी लागते."

दादा गेले ते एका दुपारी, घरी, जेवता जेवता. पंधरा दिवसांनी ताई कामावर आली, तर टेबलावरच्या संगणकात नवा पाहुणा बसलेला. तक्रारींच्या प्रोग्रॅममध्येच बसवलेला मदतनीस. तक्रार वाचायचा, कोणत्या कारागिराला पाठवायचं ते ठरवायचा, गिऱ्हाइकाला गोड भाषेत निरोप धाडायचा. पैलवानाने त्याचं नाव ठेवलं जावईबापू. हा पैलवान म्हणजे दादांचा जोडीदार. काडीसारखा बारीक, म्हणून पैलवान. तो म्हणायचा, "रोज सकाळी मान द्यावा लागतो, प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात, आणि पाना मात्र आम्हीच फिरवायचा. जावई नाही तर काय?"

त्या पहिल्याच सकाळी जावईबापूंनी पडद्यावर विचारलं, "दादा आज उपलब्ध आहेत का?"

खाली दोन चौकोन. हो आणि नाही. ताईने समोर बघितलं. पिशवी खुंटीवर होती. ती खाली उतरवायला कोणाचा हात धजला नव्हता. 'नाही'पर्यंत बोट गेलं, आणि तिने 'हो' दाबलं.

झालं! दादांच्या नावाने कामं सुटायला लागली. ताई ती कागदाच्या चिठ्ठीवर उतरवून गुपचूप पैलवानाच्या हातात ठेवायची. तो बापडा आपली कामं करून तीही करायचा, आणि संध्याकाळी ती 'पूर्ण' म्हणून नोंदवायची. दादांच्या नावावर.

"ताई, किती दिवस?" त्याने एकदा विचारलं.

"होईल तेवढे दिवस."

"बघा हं. जावईबापू काल सांगत होते, या महिन्यात दादांचं एकही काम राहिलं नाही, म्हणून अवघड कामं आता त्यांनाच देणार. मेलेल्या माणसाशी बरोबरी कशी करायची हो? तो ना रजा मागतो, ना चहाला थांबतो."

दोघंही हसले. हसून झाल्यावर मात्र कोणी एकमेकांकडे बघेना.

असे सात महिने गेले. मग ताईची अक्कलदाढ दुखायला लागली. ("या वयात अक्कल? राहू द्या की," पैलवान म्हणाला.) दाढ काढायला तिने एक दिवसाची रजा घेतली. दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन येऊन बसली, तर पडद्यावर ओळी होत्या.

"तुम्ही रोज 'हो' म्हणता, म्हणून काल विचारलं नाही. कोपऱ्यावरच्या पाच मजली इमारतीची लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबते, ब्रेक घसरत असावा. काम दादांना दिलं आहे. 'आमचे सर्वात अनुभवी कारागीर दादा अकरा वाजता येतील,' असं कळवलं आहे. काम पूर्ण झाल्याची नोंद मात्र नाही. त्यांना आठवण करून देऊ का?"

ताईने तडक त्या इमारतीच्या वॉचमनला फोन लावला.

"लिफ्ट ना? झाली की! कालपासून झकास चाललीय."

ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. दृष्टी आपोआप खुंटीकडे गेली. पिशवी होती. पण काल ताई स्वतः घरी होती. काल इथे काय होतं, तिला काय ठाऊक?

"कोण... कोण आलं होतं?"

"दादाच! तुमचाच तर निरोप होता."

"तुम्ही बघितलंत त्यांना?"

"दादांना कधी कोणी बघितलंय का, बाई? अकराचा निरोप होता, मी बारापर्यंत थांबलो. म्हटलं, येऊन गेले असतील. 'बंद'ची पाटी काढली, बटण चालू केलं. लागली की चालायला!"

क्षणभर, अगदी क्षणभरच, ताईला बरं वाटलं होतं. तेच नंतर तिला फार दिवस छळत राहिलं. भानावर येऊन ती ओरडली, "लिफ्ट बंद करा! आत्ताच्या आत्ता!"

"अहो, चौथ्या मजल्यावरच्या आजी आत बसल्यात. निघाली पण खाली."

"मग मध्येच बंद करू नका. येऊ द्या. दुसऱ्या कोणाला चढू देऊ नका. आणि फोन ठेवू नका, ऐकताय ना?"

फोनमधून लिफ्टची घरघर ऐकू येत होती. ताई श्वास रोखून ऐकत राहिली. घरघर वाढली. मग खाडकन आवाज झाला, आणि पाठोपाठ एक म्हातारा, खणखणीत आवाज, "अरे मेल्या, ही लिफ्ट आहे की विहीर? हात दे मला!"

इतकी गोड शिवी ताईने आयुष्यात ऐकली नव्हती.

"उतरल्या," वॉचमन म्हणाला. "बाई, आज चांगली हातभर खाली आलीय ही. बटण बंद केलं. दादांना सांगा—"

"दादा नाहीत," ताई म्हणाली. "दादा वारले. सात महिने झाले."

सात महिन्यांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. मग वॉचमन हळूच म्हणाला, "मग काल मी कोणाच्या भरवशावर बटण दाबलं हो?"

"माझ्या," ताई म्हणाली.

पैलवानाला बोलावून ती स्वतः त्याच्याबरोबर गेली. जिने चढून गच्चीवर पोचेपर्यंत गाल ठणकायला लागला. मशीनच्या खोलीत तेलाचा वास कोंडलेला. मोटरशेजारी पेन्सिलीच्या तारखा एकीखाली एक, नऊ. नववी आठ महिन्यांपूर्वीची. तिच्याखाली कोरी भिंत. ताईने तिथे हात टेकला. कालची तारीख आपण खरोखरच शोधत होतो, हे तिचं तिलाच कळलं.

दीड तासाने ब्रेकचे झिजलेले पट्टे बदलून झाले. लिफ्ट तीनदा वरखाली झाली, मजल्याशी बरोबर टेकली. पैलवानाने खिशातून पेन्सिल काढली आणि मधे बोटभर जागा सोडून तारीख टाकायला लागला.

"खालीच लिही," ताई म्हणाली. "जागा कोणासाठी ठेवतोस?"

परत येऊन तिने दादांचं नाव उघडलं. नाव काढण्याचं कारण निवडायचं होतं. रजा, बदली, नोकरी सोडली, इतर. वारलेल्या माणसासाठी वेगळा रकाना नव्हता. तिने 'इतर' दाबलं आणि पुढे काय ते लिहिलं.

"समजलं," जावईबापू म्हणाले. "दादांकडची तीन कामं कोणाला देऊ?"

पिशवी तिने संध्याकाळी वहिनीकडे नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर प्रश्न आला, "पैलवान आज उपलब्ध आहेत का?"

पैलवान समोरच उभा होता, रिकाम्या खुंटीखाली, चहा फुंकत. ताईने त्याला नीट न्याहाळलं.

"बोल काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. तुझा आवाज ऐकू दे."

"दाढ कशी आहे, ताई?"

मग तिने 'हो' दाबलं.