चष्म्यातलं आवळगाव

सोलापुरात बुधवार पेठेत पारूबाई बनसोडेच्या कडक भाकरीला नाव आहे. ज्वारीची, पापडासारखी पातळ, महिनाभर ठेवा नाहीतर दोन, मऊ पडायची नाही. पुण्याला निघालेली माणसं चळतीच्या चळती बांधून नेतात आणि तिकडं शेंगाचटणीबरोबर खाऊन गावाची आठवण काढतात. पारूबाईलाही गावाची आठवण यायची, पण तिच्या आठवणीवर भाकरीचा उतारा चालत नव्हता. तिचं माहेर उजनीच्या पाण्याखाली होतं. आवळगाव म्हणून एक गाव होतं, धरण झालं, गाव बुडालं, संपलं. नकाशातनंही गेलं.

गाव उठलं तेव्हा पारू आठ-नऊ वर्षांची. नव्या गावठाणात पत्र्याच्या शेडात पहिल्याच उन्हाळ्यात आई तापानं गेली, पाठोपाठ बापही खचला. पुढं लग्न झालं, सोलापूर आलं, संसार झाला, नवरा गेला, सून आली. सगळं रीतीप्रमाणं झालं. एकच राहिलं. गल्लीतल्या बायका माहेरी जाऊन आल्या की सांगायच्या, आईनं दारातच थांबवलं बघ, भाकरतुकडा ओवाळला, मगच आत घेतलं. लांबनं आलेल्या माणसावरनं भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं, एवढीशी ती रीत. या बाईनं आयुष्यभर भाकऱ्या थापल्या, पण तिच्यावरनं कुणी कधी तुकडा ओवाळला नाही. ओवाळणार कुठं? दारच पाण्यात!

अशात एका संध्याकाळी सून बुद्धप्रिया मोबाईल घेऊन चुलीपाशी आली. दवाखान्यात लॅबमध्ये नोकरी करणारी पोरगी, सासूला आत्या म्हणते, आणि सासूचं मन सासूपेक्षा आधी तिला कळतं.

"आत्या, तुमचं आवळगाव परत येतंय म्हणं."

बातमी अशी, की आवळगावातल्याच एका घरचा नातू, ऋतुराज नावाचा, पुण्यात कंपनीत आहे. त्यानं एक चष्मा आणलाय. चष्मा कसला, डोक्याला बांधायचं खोकंच ते. लावलं की समोरचं पाणी, टेकडी, ऊन सगळं खरं तेच दिसतं, आणि त्या खऱ्यातच जुनी घरं उभी दिसतात. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की काठावर कार्यक्रम. जुन्या गावकऱ्यांनी यावं, आपलं घर बघून जावं.

झालं, गल्लीला विषय मिळाला. कुणी म्हणालं, आता घरबसल्या बुद्धगया बघायची, रिझर्वेशनची कटकट गेली. कुणी म्हणालं, सगळं आठ दिवसांचं कौतुक, तो थ्रीडी टीव्ही आला होता त्याचं काय झालं, आता कोण बघतं? शेजारची मल्लव्वा, अक्कलकोटकडची, तिनं तर कपाळालाच हात लावला. "अय्यो पारू, नको गं बाई! माझ्या भावाच्या पोरानं दुकानात तसला चष्मा लावला, न् वाघ आला म्हणून शेजारच्या बाईच्या गळ्यात पडला. वाघ न्हाय न् काय न्हाय. बाईनं मात्र खरीच हाणली."

"पडीन तर पडीन," पारूबाई म्हणाली. "आईचं दार बघून येते."

निघायच्या दिवशी पहाटे तिनं भाकऱ्या केल्या आणि पिशवीत घातल्या.

"आत्या, तिथं खाणार कोण? गाव तर चष्म्यात आहे."

"असू दे. माहेरी मोकळ्या हातानं जायचं नसतं."

सोलापूरहून गाडीनं केम, केमहून जीपनं काठ. पाणी लांबवर सरकलं होतं आणि मधे भेगाळलेला चिखल होता. मांडव, खुर्च्या, पाण्याचे जार, दोनशेक माणसं आणि चष्मे मोजून चार. रांगेत हौशेही होते, नवशेही होते. एक म्हातारा ओरडत होता, "पाण्यात आमचं गाव घातलं, आता डोळ्यात धूळ घालत्यात!" आणि ओरडत ओरडतच रांगेत पुढं सरकत होता, नंबर सोडत नव्हता.

ज्यांचा नंबर लागला त्यांची गंमत बघण्यासारखी होती. एकजण मोकळ्या हवेत मान वाकवून चालला, कारण त्याच्या गोठ्याची चौकट बुटकी होती. एका बाईनं नसलेला उंबरा ओलांडायला पाय उचलला आणि ठेवला तो चिखलात. ऋतुराजचे आजोबा जोतीराम, गावचे एके काळचे मोठे बागायतदार, देवळापुढं पायातले बूट काढून गुडघ्याएवढ्या राडीत उभे राहिले आणि हात जोडले. लोक हसले. पण ते चष्मा काढून परत आले तेव्हा लहान पोरासारखे रडत होते, आणि मग कुणी हसलं नाही. पारूबाईचे डोळे तेव्हापासूनच भरून यायला लागले. आता आपला नंबर, आता आपलं दार.

चष्मा कपाळाला घट्ट बसला. पाणी होतं तिथंच होतं, बुद्धप्रियाही होती, आणि मधे आवळगाव उभं होतं. चावडी! पार! पिंपळ केवढा तो! पारूबाई "अगं बया!" म्हणाली आणि चालायला लागली. जोतीरामांची माडी मागं टाकली. देवळाचं दार उघडं होतं, आतला गाभारा दिसत होता. तो खरा तसाच होता का, हे तिला सांगता येणार नव्हतं, तिच्या घरच्यांना कधी कुणी तिथवर जाऊच दिलं नव्हतं. तिथं ती थांबलीही नाही. तिला पुढचा ओढा गाठायचा होता. ओढा आला. पाय ठेवत पलीकडं जायच्या मोठ्या दगडी पायटाण्या आल्या, एक ना एक बरोबर. पलीकडं तिची वस्ती, बौद्धवाडा. पारूबाईनं छातीशी पिशवी धरली आणि ओढा ओलांडला.

पलीकडं चिखल होता. खरा चिखल, खरं पाणी, आणि त्यात एक बगळा. बगळाही खराच होता.

"अवं, हितं बंद पडलाय बघा ह्यो!" ती ओरडली.

ऋतुराज धावत आला. त्यानं हातातल्या टॅबवर बघितलं. "चालू आहे आजी. गाव इथं संपतं."

"संपतं कसं? गाव हितनं सुरू हुतं."

तो गोंधळला. त्यानं मांडवाकडं बघून आजोबांना हाक मारली, "आजोबा, ओढ्याच्या पलीकडं काय होतं?"

"पल्याड?" जोतीराम खुर्चीतनं म्हणाले. "पल्याड काय नव्हतं. नुसत्या बाभळी."

पोरगा बिचारा वाईट नव्हता. आजी नाराज झाली एवढंच त्याला दिसलं, म्हणून समजूत घालायला गेला. "डेमोच तर आहे आजी. त्यात काय एवढं? पुढच्या वेळी टाकू की."

पारूबाईनं चष्मा काढून त्याच्या हातात दिला आणि तरातरा मांडवात गेली. तिला असा राग आला होता की चपला चिखलात राहिल्याचंही कळलं नाही. "बाभळी व्हय? तुमच्या खळ्यावर राबाय कोण येत हुतं, बाभळी? तुमची मेलेली ढोरं कोण वडत हुतं? बाभळीच का?"

जोतीरामांनी तिच्याकडं टक लावून बघितलं. "गेनूची पोर काय गं तू?"

"व्हय. गेनूची पारू."

म्हातारा आपल्या चिखलानं भरलेल्या पायांकडं बघत बसला. मग नातवाला म्हणाला, "ती सांगंल तसं घाल तितं. समदं घाल."

ऋतुराज खरोखरच तिच्यापुढं उकिडवा बसला. "सांगा आजी. घर कसं होतं?"

"चूल डाव्या हाताला. मागं निंबाचं झाड. रांजण कोपऱ्यात."

"दार कुठल्या अंगाला? लाकडी होतं का पत्र्याचं?"

पारूबाईनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. चूल डाव्या हाताला, पण आत गेल्यावर. आत जायचं कुठनं? ओढ्याकडनं की निंबाकडनं? कडी होती की आडणा? रंग काय? काही म्हणजे काही येईना. रोज रात्री उशीला डोकं टेकलं की ती त्या घरात जायची आणि चुलीपाशीच पोचायची. दार तिनं मनात कधी बघितलंच नव्हतं. आईचं दार बघायला एवढी आलेली बाई, आणि तेच आठवेना! ती तिथंच मांडवात मटकन खाली बसली आणि रडली.

"दुसरं कुणी आहे का विचारायला?" बुद्धप्रियानं हळूच विचारलं.

होतं. एकच माणूस होतं. तिचा थोरला भाऊ, धोंडिराम. गाव उठलं तेव्हा तो चांगला जाणता होता. आणि त्याच्याशी ती कैक वर्षं बोलली नव्हती.

परतीच्या गाडीत पारूबाई खिडकीशी बसली. भांडण काय मोठं नव्हतं. भांडणं मोठी नसतातच, माणसं ती पोसून मोठी करतात. संघपालच्या, म्हणजे तिच्या पोराच्या लग्नाची पत्रिका छापली, आणि मामाच्या जागी दिराच्या मेव्हण्यापासून सगळ्यांची नावं आली, धोंडिरामचं तेवढं राहिलं. छापणाऱ्यानं गाळलं की सासरच्यांनी, कुणास ठाऊक. सख्खा मामा लग्नाच्या मांडवात पत्रिका हातात घेऊन उभा राहिला. "पारू, ह्यात मी कुटं हाय?" आणि पाहुण्यांच्या गडबडीत पारूबाई म्हणाली, "कागदच तर हाय दादा. त्यात काय एवढं?"

तो न जेवता गेला. तिला वाटलं, येईल चार दिवसांनी. तो आला नाही. मग तिलाही वाटलं, नाक तर बघा केवढं! आपण का जावं? वहिनी गेल्याचं कळलं तेव्हासुद्धा निरोप आला नाही म्हणून ही गेली नाही. आणि आज तेच शब्द, जसेच्या तसे, एका परक्या पोरानं तिला ऐकवले होते. तेवढ्याशा शब्दांनी काळजाला काय होतं ते तिला आज कळलं होतं. दादा त्या दिवशी उपाशी कसा गेला असंल, हेच तिच्या डोळ्यांपुढं येत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी ती चष्मा शोधत केमला गेली होती आणि गाव वाटेतच मोहोळला, दादाच्या घरात बसलं होतं.

मोहोळ आलं तशी ती उठली. "प्रिया, उतर."

"आत्या, सोलापूर नाही आलं अजून!"

"मला ठाऊक हाय. उतर म्हंते ना."

धोंडिरामचं घर स्टेशनपासनं लांब नव्हतं. एसटीतनं रिटायर झालेला माणूस, पोरं पुण्याला, घरात एकटा. दाराबाहेर बाजेवर बसला होता. पारूबाई अनवाणी, लुगड्याचा काठ चिखलानं कडक झालेला, येऊन समोर उभी राहिली. बुद्धप्रिया मागं गल्लीतच थांबली. पारूबाई वाटभर जुळवलेलं सगळं बोलणं विसरली.

"दादा, आपल्या घराचं दार कुटल्या अंगाला हुतं?"

धोंडिरामनं तिला पायापासनं डोक्यापर्यंत बघितलं. इतक्या वर्षांनी बहीण आली ती हे विचारायला!

"कुटलं घर?"

"आवळगावचं."

त्यानं बाजेवरचे पाय खाली सोडले. मग म्हणाला, "दार? दार कुटं हुतं गं आपल्या घराला? खताचं पोतं हुतं, दोन खिळ्यांवर टांगलेलं. वड्याकडच्या अंगाला. तू आलीस की आई आतनं पोतं वर धरायची. हाताला पीठ असायचं, म्हनून कोपरानं. तू खालनं सुळकन आत. तुला पोतं कदी हात लावून उचलायच लागलं न्हाय."

पारूबाईनं तोंडाला पदर लावला. म्हणून आठवत नव्हतं तर. तिला दार कधी उघडावंच लागलं नव्हतं.

"त्या पोराला काय कळवू, आत्या?" बुद्धप्रियानं मागनं विचारलं.

"पोतं लाव म्हणावं," पारूबाई म्हणाली. आणि भावाकडं वळली. "दादा, माझं चुकलं रं. त्या पत्रिकेचं. लई चुकलं."

"गप." धोंडिराम उठला. पारूबाई दाराकडं निघाली तसा त्यानं हात आडवा केला. "थांब. हितंच थांब."

तिला वाटलं, अजून राग गेला नाही. आत भांडी वाजली, डबे उघडझाप झाले. तो पाण्याचा तांब्या घेऊन ओशाळा होऊन बाहेर आला. "तुकडा ओवाळावा म्हटलं. पण भाकरीच न्हाय घरात. एकट्यापुरती खिचडी टाकतो."

पारूबाई रडता रडता हसली आणि पिशवीत हात घालून आपली भाकरी काढून दिली. "घे. माहेरासाठीच आणली हुती."

त्यानं कडक भाकरीचा तुकडा मोडला. ओवाळायची सवय त्याला कुठली! उजवीकडनं की डावीकडनं कळेना, पाणी तिच्या डोक्यावरच सांडलं. तो तुकडा त्यानं लांब गल्लीत फेकला. मग एका हातात तांब्या, एका हातात उरलेली भाकरी, असा तो दाराशी वळला. दाराला माश्यांसाठी पडदा होता. हात मोकळे नव्हते म्हणून त्यानं तो कोपरानं वर धरला.

"ये," धोंडिराम म्हणाला.

आणि पारूबाई त्याच्या हाताखालनं वाकून आत गेली.