डबकेबाई आणि घासलेल्या बरण्या

“मी बरण्या घासल्या, हा माझा गुन्हा?”

“घासल्यात त्याबद्दल कोण बोलतंय? आतली पिल्लं एका पातेल्यात का ओतलीत?”

“मग काय ओट्यावर मांडू? म्हटलं, भावंडंच असतील, राहतील गुण्यागोविंदानं.”

“अहो, चतुर किड्याची पिल्लं आहेत ती. एकमेकांना खातात.”

नवऱ्याने पातेल्यात डोकावलं. काल चार-पाच होती. आज एकच उरलं होतं, तेही जेवण अंगावर आलेल्या पाहुण्यासारखं तळाशी पसरलेलं.

“याची तब्येत बरी दिसतेय,” तो हळूच म्हणाला. तिने कपाळावर हात मारला, पण हसू काही आवरलं नाही.

तिला सगळ्या शाळांत ‘डबकेबाई’ म्हणत. सगळी नोकरी तिने एका प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुण्यात काढली. ती संपल्यावर पिशवीत बरण्या भरल्या आणि शाळाशाळांतून पोरांना साचलेल्या पाण्यातला संसार दाखवत फिरायला लागली. नाव ठेवलं ते नाकं मुरडणाऱ्यांनी. तिला ते इतकं आवडलं, की फोनवरसुद्धा ती “डबकेबाई बोलतेय” म्हणायची. नवरा शिंपी. कापड बेतायच्या टेबलाचा एक कोपरा त्याने कधीच शेवाळाला सोडून दिला होता.

आज मात्र नुसतं दाखवून भागणार नव्हतं. एका शाळेमागचं तळं डास होतात म्हणून बुजवायचं ठरलं होतं. ही पिल्लं डासांच्या अळ्या फस्त करताना मुख्याध्यापिकेला दाखवली, तरच ते वाचणार होतं. मातीचा ट्रक दुपारी यायचा होता.

वर्गात पोरं बाकांवर चढून बघत होती. डबकेबाईने बरणीत अळ्या सोडल्या. अळ्या वळवळल्या. पिल्लू ढिम्म.

“त्याला भूक नाही,” पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

“हेच का तुमचं प्रात्यक्षिक?” मुख्याध्यापिकेने चष्मा काढला.

दाराशी पिशवी धरून उभा असलेला शिंपी खाकरला. “चूक माझी आहे, मॅडम. मी सगळ्यांना एकत्र ठेवलं. रात्रीच याने भावंडं खाल्ली.”

सगळा वर्ग शहारला आणि लगेच खुलला. “सगळी? डोकीपण?”

“डोकीपण,” डबकेबाई म्हणाली. “हे आता सुस्तावलंय. पण तळ्यात उपाशी पुष्कळ असतील. मॅडम, पोरांना थोडा वेळ न्यायचं का?”

मुख्याध्यापिकेने घड्याळाकडे पाहिलं. “काठावरूनच. आणि कुणाचे बूट भिजता कामा नयेत.”

बूट सगळ्यांचेच भिजले. गाळण्या घेऊन गेलेली पोरं डबे भरून परतली. शिंपी दारातूनच ओरडत होता, “एका डब्यात एकच रे बाबांनो, माझ्यासारखं करू नका.”

पहिला डबा टेबलावर आला. पाण्यात अळी पडली. चिखलाच्या रंगाचं पिल्लू हललंदेखील नाही. मग त्याच्या तोंडाखालून दुमडलेल्या हातासारखा जबडा सपकन पुढे आला, आणि अळी गायब.

पोरं एकमेकांच्या खांद्यांवरून पुढे वाकली.

“अजून एक टाका,” मुख्याध्यापिका म्हणाली. तिचं नाक जवळजवळ पाण्याला टेकलं होतं.

दुसरी अळी गेली. तिसरी गेली.

“आणि मोठी झाली की?”

“पंख फुटतात. मग उडते डास पकडतात. तळं असलं तर,” डबकेबाई म्हणाली.

तेवढ्यात शिपाई दारात आला. “मॅडम, मातीचा ट्रक आलाय. मागच्या फाटकाची किल्ली देता ना?”

मुख्याध्यापिकेने टेबलावरची किल्ली उचलली, पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढली. मग जवळच्या पोराच्या हातातली गाळणी घेतली आणि तळ्याच्या बाजूच्या दाराने बाहेर पडली.