रोडपालीची शांत झोप

साताऱ्याहून निघालेली एसटी कळंबोलीला पोचली, तेव्हा उन्हाने डोकं भणभणत होतं. शाळेतली मैत्रीण सुनंदा न्यायला आली होती. लग्न होऊन ती रोडपालीत आली. तिचे यजमान हरिभाऊ कंटेनरचा ट्रेलर चालवतात.

जेवायला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलातल्या माशांचं) झणझणीत कालवण होतं. मी नाकातून पाणी येईपर्यंत जेवले. हरिभाऊ मात्र हातात घास धरूनच पेंगले. सगळे हसले, मीही हसले.

नंतर ते चटईवर उताणे पडले आणि घोरू लागले. घोरणं कसलं, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या! मग एकदम आवाज बंद. त्यांच्या आई कौतुकाने कुजबुजल्या, "आता लागली शांत झोप. आवाज नका करू."

मी बघतच राहिले. छाती-पोट हिसके देत होतं, पण श्वास आत जात नव्हता. ओठ काळसर पडले. तेवढ्यात गुदमरल्यासारखी हवा ओढून ते कुशीवर वळले, पुन्हा घोरू लागले. आणि पुन्हा गप्प.

"सुनंदा, ही शांत झोप नव्हे. श्वास बंद पडतोय त्यांचा."

माझ्या थोरल्या भावाला हेच दुखणं आहे. झोपेत घसा सैल पडतो, श्वासाची वाट मिटते. शरीर दचकून जागं होतं, पण माणसाला त्याचा पत्ताही नसतो. मग सकाळी डोकं जड आणि दिवसभर पेंग.

"रोज सकाळी डोकं धरून बसतात," सुनंदा म्हणाली. "मला वाटायचं, उन्हाचं असेल."

जागे झाल्यावर हरिभाऊंनी थट्टेवारी नेलं. "घोरून कुनी मरतं काय, ताई? आमच्यात समदेच घोरतात."

"गाडी चालवताना डोळा लागतो का?"

ते खाली बघू लागले. "पलस्पे फाट्याला लागला व्हता. पुढच्या गाडीची पाटी वाचता आली, तवा ब्रेक मारला. घरात बोललो नाय."

सुनंदाने खिळ्यावरची ट्रेलरची किल्ली काढून कमरेला खोचली.

परतताना खंडाळ्याचा घाट संपेपर्यंत मी चालकाच्या आरशातल्या डोळ्यांकडेच बघत होते. इतकी वर्षं प्रवास केला, पण चालवणारा माणूस रात्री नीट झोपला होता का, हा विचार कधी मनात आला नव्हता. आता तो जात नाही.

काही दिवसांनी सुनंदाचा फोन आला. झोपेची तपासणी झाली होती, दुखणं बरंच वाढलेलं निघालं. झोपताना नाकावर मुखवटा लावून हवा देणारं यंत्र वापरायचं आणि डॉक्टर सांगेपर्यंत ट्रेलरला हात लावायचा नाही.

"हे विचारतायत, गाडी चालवायची नाही तर करू काय?"

"आधी श्वास घ्या म्हणावं," मी म्हटलं.

पलीकडे कोणीच हसलं नाही.