डोळ्यावरची मूठ

माझ्या धाकट्या जावेची मुलगी चार महिन्यांची झाली तेव्हापासून उजव्या हाताची मूठ डोळ्यात खुपसून बसायची. पापणी सुजलेली, मूठ लाळेने ओली, अंगाला आंबट दुधाचा वास. दिव्याकडे बघायची नाही, मान धरायची नाही, मधूनच धावून आल्यासारखा श्वास टाकायची. नातवंडांनो, मी तुम्हांला खरं सांगायचं ठरवलं आहे. तिला मांडीवर घेतलं की मी नंतर साबणाने हात धुवायची. दोनदा.

मी तेव्हा पेडण्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. कोकणी की मराठी यावर आमच्या ओसरीवर पुरुष घसा बसेपर्यंत भांडायचे. त्याच ओसरीच्या कोपऱ्यात ही मुलगी चटईवर पडलेली असायची. तिच्याविषयी त्यांच्यापैकी कोणी, ना कोकणीत ना मराठीत, एक वाक्य बोलत नसे.

जाऊ आमच्या नात्यातलीच. माझ्या सासूबाईंचं माहेर लाटंबार्से, आणि ही त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी. आपल्यातलीच आणली म्हणून लग्नात सासूबाई मिरवत होत्या. मूल आंधळं निघालं तशी ती आपल्यातली उरली नाही. "भावाचा काय नाय," त्या म्हणायच्या, "वयनीच्या कुळयाराचा आसा ता." म्हणजे खोट जावेच्या आईच्या माहेरची.

मुंबईला डॉक्टरांनी मुलीच्या डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या मागचा, शरीराचा तोल सांभाळणारा भाग नीट घडलाच नव्हता. डोळ्यांचा पडदाही जन्मापासून निकामी. दोन्ही एकाच दोषातून आलेलं, डॉक्टर म्हणाले, आणि असा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. दोघं स्वतः धडधाकट असतात. मग त्यांनी विचारलं, "घराण्यात आधी असं मूल होतं का?"

"आमच्या घराण्यात कदीच ना," सासूबाई ताबडतोब म्हणाल्या.

डॉक्टरांनी मला एक कोरा कागद दिला. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, आजारी असेल तर काळं भरायचं. जन्मलेलं प्रत्येक मूल हवं, जगलेलं आणि गेलेलं. असली कामं मला आवडतात. पट्टी घेऊन पेडण्याची बाजू मी एका दिवसात पुरी केली आणि रविवारी लाटंबार्शाला सासूबाईंच्या आईकडे गेले. आजी मागच्या पडवीत काजूच्या बिया निवडत बसली होती. घराण्यात आधी असं मूल होतं का, मी विचारलं.

"आसलो मगो," ती सहज म्हणाली. "माझो तिसरो. ताका दिसा ना. मूठ अशी डोळ्यात खुपसून बसायचो. तुझी मांय ताका कडेर घेऊन गावभर फिरायची. पाचव्या वर्सा गेलो. तिणी सांगूक ना तुका?"

मी पेन्सिल खाली ठेवली. मांय म्हणजे सासू. सासूबाईंनी त्या भावाला कडेवर वागवलं होतं. नातीची मूठ डोळ्यावर गेली त्या पहिल्याच दिवशी त्यांनी ती ओळखली असणार. ओळखून त्या दुसऱ्या बाईच्या माहेराकडे बोट दाखवत होत्या. परतीच्या बसमध्ये मी कागद मांडीवर घेऊन त्या मुलाचा चौकोन काळा भरला.

आठ दिवसांनी आम्ही कौल घ्यायला देवळात गेलो. देवाच्या दोन्ही बाजूंना भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न घालतात आणि कोणती आधी गळते ते बघतात. प्रश्न सासूबाईंनी घातला. "दोष वयनीच्या कुळयाराचो आसात तर उजवी दी, ग्रहांचो आसात तर डावी." त्यांच्या स्वतःच्या माहेरासाठी देवाला पाकळीच दिली नव्हती. फुलांचं ताट माझ्या हातात होतं, सगळं मला माहीत होतं आणि मी गप्प उभी राहिले. उजवी गळली. जावेला मुलीसकट माहेरी पाठवायचं आणि दिराचं दुसरं लग्न करायचं हे देवळाच्या पायऱ्यांवरच ठरलं.

ती ट्रंक भरत होती तेव्हा मी आत गेले. "आजीने मला सगळं सांगितलंय. तू बोल ना गो त्यांच्यासमोर."

"माका खबर आसा, वयनी. पयल्यापासून." लंगोट घड्या घालत ती म्हणाली. "आईन शपथ घातल्या. धाकल्या भयणीचा लगीन जमता हा. ह्या भायर पडला तर तिका कोण करतलो?"

म्हणजे हिलाही ठाऊक होतं, हिच्या आईलाही. सगळ्या बायका त्या मेलेल्या मुलावर पाट टाकून बसल्या होत्या.

दीर सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवायचा, रविवारी घरी यायचा. कानामागे तांबडी धूळ तशीच. सोयरीक घेऊन माणूस आला तो रविवारीच. त्याने चहा घेतला, बटाट्याचे पोहे घेतले, मुलगी कशी गोरी ते सांगितलं. "आधीच्या पोराचा काय ता?" त्याने विचारलं. "ता तिच्या आवयकडसून," सासूबाई म्हणाल्या. "आमचो झील सोन्यासारको."

मी खोलीतून तो कागद आणला आणि त्याच्या बशीशेजारी ठेवला.

"हो काळो चौकोन कोणाचो?" त्याने विचारलं.

"सासूबाईंच्या भावाचा," मी म्हटलं. "आणि हा खालचा तुमच्या नवऱ्या मुलाचा. दोष याच्यातूनही आला आहे."

सासूबाई ओरडल्या, "मेल्यांक कित्याक मोजतंस गो? शिकलेली म्हणान घरातली घाण भायर काडटंस?"

दीर मान खाली घालून बशीतले दाणे वेचत राहिला. त्या माणसाने उरलेला चहा बशीत ओतून संपवला आणि चपला घातल्या. त्यानंतर पेडण्यात किंवा डिचोलीत आमच्या दिराला मुलगी द्यायला कोणी तयार झालं नाही. दोन महिन्यांनी तो स्वतःच लाटंबार्शाला गेला आणि बायकोला घेऊन आला. दारात, सगळ्यांच्या देखत, हसत तिला म्हणाला, "चल, दुसरी मेळना म्हणान तुका हाडली." तीही हसली. मला त्या हसण्याची किळस आली, त्याच्या आणि तिच्याही.

तिचं घर राहिलं. तिच्या धाकट्या बहिणीचं जमलेलं लग्न मात्र मोडलं, कारण त्या कागदाची गोष्ट तिच्या होणाऱ्या सासरीही पोचली होती. जाऊ वर्षभर माझ्याशी बोलली नाही. मुलगी नऊ वर्षांची होऊन गेली. शेवटपर्यंत तिचं सगळं जाऊच करायची, आणि हात दोनदा धुताना मी तिला कधी पाहिलं नाही.

आता सांगायचं ते हे. सासूबाईंचा दोष त्यांच्या दोन्ही मुलग्यांपर्यंत येऊ शकत होता. धाकट्यात आला. थोरले म्हणजे तुमचे आजोबा. त्यांच्यातही असण्याची शक्यता निम्मी, आणि मग तुमच्या बाबात, आणि तुमच्यात. तुमच्या आईचे आईवडील पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी सभ्यपणे विचारलं, "घराण्यात आजारपण वगैरे काही?" तुमचा बाबा शेजारी बसला होता, नव्या शर्टात, आनंदाने घामाघूम झालेला. मी म्हटलं, "तसं काही नाही." जाऊ तेव्हा त्यांच्यापुढे लाडूंची ताटली धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही, आणि पाहुण्यांना म्हणाली, "घेयात, घरचे आसत."

तुम्ही सगळी धडधाकट जन्मलात. यात माझं काही कौतुक नाही. आता रक्त तपासून हे कळतं म्हणतात. लग्नाआधी तपासून घ्या, आणि ज्याच्याशी लग्न कराल त्याला हे वाचायला द्या. तुमच्या आईला मी आजच वेगळं पत्र लिहिते आहे. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही. म्हणायचा तिला हक्क आहे.