सातव्या विहिरीचं कुलूप

ऑफिसात तिला सगळे पूलवाली म्हणत. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा प्रोग्राम संगणकाच्या एका भाषेत, विहिरींची यादी सांभाळणाऱ्या ऑफिसचा दुसऱ्या. दोन्ही जोडणारा मधला कोड तिचा. प्रयोगशाळावाले एकपासून मोजतात, ऑफिसवाले शून्यापासून. तिकडची सातवी विहीर इकडे सहावर. म्हणून तिनं प्रयोगशाळेकडून येणाऱ्या आकड्याचं नावच ठेवलं ‘विहीर_क्रमांक_एकपासून’ आणि पुढच्या ओळीत त्यातून एक वजा केला. कॉलेजचं तोंड न पाहिलेली बाई, पण वाचणाऱ्याला ठेच लागू नये हा तिचा हट्ट.

“हे नाव आहे की पोस्टाचा पत्ता?” टीम लीड हसायचा. “आमच्यात याला नुसतं i म्हणतात.”

“तुमच्यात म्हणा. इथं दोन्हीकडची माणसं वाचतात.”

महिनाभर हुज्जत चालली. एका दुपारी त्यानं नाव छाटून i केलंच. मग एक का वजा करायचा तेच दिसेना; फालतू समजून त्यानं ती ओळही उडवली आणि बदल तिच्याकडे मंजुरीला पाठवला. i बघूनच तिचं डोकं सणकलं. “घाल गोंधळ काय घालायचा तो,” असं पुटपुटत तिनं पुढचं न वाचताच बटण दाबलं.

सातव्या विहिरीत विष निघालं. ऑफिसच्या यादीप्रमाणे कुलूप लागलं आठवीला. लोक अकरा दिवस सातवीचंच पाणी प्यायले. चौघं अंथरुणाला खिळली, चार वर्षांची एक पोर गेली.

चौकशी लागली तसा लीड कागद घेऊन आला. “सही कर. ‘जोडणीतला तांत्रिक दोष’, एवढंच. कुणाचं नाव नाही. दोघांची नोकरी वाचते.”

घरी थोरली बहीण म्हणाली, “करून टाक गं बाई. गेलेली पोर परत येणार आहे का?”

“आणि तिच्या आईनं विचारलं तर? तिला ‘तांत्रिक’ सांगू?”

सकाळी तिनं बदलांची सगळी नोंद चौकशी अधिकाऱ्याला जशीच्या तशी पाठवली. खाली लिहिलं, ‘ओळ लीडनं काढली. बदल मंजूर मी केला. रागाच्या भरात, न वाचता.’

“अगं, तूही बुडालीस की!” लीड ओरडला.

“मला झाकून तुला कसं दाखवणार?”

दुपारी ती जेवून आली, तर ऑफिसचं दार तिच्या कार्डानं उघडेना. काचेपलीकडे सगळे मान खाली घालून टाइप करत होते. कुणी उठलं नाही.