सूचना पाठवण्याची परवानगी

संकट येण्याआधी माणसाला त्याची सूचना मिळाली पाहिजे, हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असं माझे वडील मानतात. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या घरी हा हक्क संगणकाच्या पडद्यावर, उजव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात बजावला जात होता. तिथं एक चौकोन वर सरकायचा, टुंग असा आवाज व्हायचा आणि लाल त्रिकोणाशेजारी अक्षरं उमटायची : ‘अत्यंत गंभीर इशारा! आपले संगणक धोका आहे. विलंब नका करू.’ व्याकरण बिघडलेलं असलं तरी सूर सरकारी परिपत्रकाचा होता. एक चौकोन विरतो न विरतो तोच त्याच्या जागी दुसरा यायचा.

आमचं गाव सास्तूरच्या जवळच. नवं गाव, म्हणजे त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बांधलेलं. त्यालाही आता इतकी वर्षं झाली, की गावातल्या निम्म्याहून जास्त लोकांना ते नवं का म्हणायचं हे कळत नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या गावच्या शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर टाळेबंदीच्या काळात नातीच्या शाळेसाठी घरी संगणक आला. नात पुढं पुण्याला गेली, संगणक अण्णांकडं राहिला. ते त्यावर हवामान बघत, सोयाबीनचा भाव बघत, पंचांग बघत. वर्तमानपत्र घरी येत असूनही तेच वर्तमानपत्र पुन्हा संगणकावर वाचत, कारण त्यात अक्षर मोठं करता येतं.

यातल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पान उघडताच वरच्या कोपऱ्यात एक प्रश्न यायचा : ही साइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते. परवानगी द्यायची की ब्लॉक करायचं? तुम्ही-आम्ही हा प्रश्न माशी उडवावी तसा उडवतो. अण्णांनी प्रत्येक वेळी परवानगी दिली. एका साइटनं तर, आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी परवानगी द्या, असं फर्मावलं होतं. आयुष्यभर शाळा तपासणीला आलेल्या साहेबांपुढं काय काय सिद्ध केलेल्या माणसाला हे अवघड नव्हतं. त्यांनी तेही सिद्ध केलं.

पण याचं खरं कारण वेगळं होतं. मी आठ वर्षांचा असताना, गणपती विसर्जनाच्या त्या रात्री, आई आणि मी आजोळी मुरुमला होतो. अण्णा, आजी आणि धाकटे काका गावातल्या घरात झोपले होते. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जाड धाबं. पहाटेच्या आधी ते सगळं खाली आलं. शेजारच्या चाचांनी हातांनी माती उकरून अण्णांना बाहेर काढलं. आजी आणि काका गेले. तेव्हापासून अण्णा एकच वाक्य बोलत आले आहेत, कधी मोठ्यानं, बहुतेकदा स्वतःशी : “पाच मिनिटं आधी कुणी सांगितलं असतं तर.”

आमच्या भागात हे वाक्य इतरही घरांत बोललं जातं. दरवर्षी त्या दिवशी भूकंपाच्या स्मृतिस्तंभापाशी पांढऱ्या कपड्यातले लोक येतात, हार चढतो, भाषणं होतात आणि आपत्तीपूर्व सूचना यंत्रणा बळकट करण्याचा निर्धार होतो. निर्धार झाला की गाड्या निघून जातात. अण्णांसारख्या माणसाला कुणी अदबीनं विचारलं, की आम्ही तुम्हाला सूचना पाठवत जाऊ का, तर तो नाही कशाला म्हणेल?

मी धाराशिवला एका कॉलेजच्या ग्रंथालयात असतो. मे महिन्यात आईचा फोन आला. आई फोनवर कधी घाई करत नाही, त्या दिवशी केली.

“तू ये. ह्यांनी खुर्ची धरलीय.”

“म्हणजे?”

“सकाळी उठले की त्या डब्यापुढं बसतेत. जेवायचं ताट तिथंच द्यावं लागतंय, ते बी निम्मं ठेवतेत. म्हणतेत, इशारा आला नि मी नसलो तर? लेका, बीपीची गोळी बी ध्यानात राहीना ह्यांच्या. वजन बघ येऊन.”

शनिवारी लोहाऱ्याची एसटी पकडून गेलो. अण्णा खरंच खुर्चीत होते. गालफडं बसली होती. मी आल्याचं त्यांना दिसलं, पण मान पडद्याकडंच होती. दारात पायरीवर चाचा बसले होते. ज्यांनी अण्णांना मातीतून काढलं तेच हे चाचा. त्या गोष्टीचा त्यांनी कधी उल्लेख केलेला मी ऐकलेला नाही. चेष्टा मात्र ते सतत करतात.

“आओ, साहब,” ते मला म्हणाले. “तुमच्या अण्णांना पुन्हा नोकरी लागली. पगार न्हाय, सुट्टी न्हाय. नुसती टुंग झाली की वाचायचं.”

“तुम्ही हसा,” अण्णा म्हणाले. “पण काय लिहिलंय वाचलं का? सगळं नष्ट होईल म्हणतंय.”

“गुरुजी, आपलं काय ऱ्हायलंय नष्ट व्हायचं? पंचांग?”

अण्णा हसले नाहीत. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो आणि समजावून सांगितलं. हे संदेश तुमचा संगणक पाठवत नाही. संगणकाला काहीही झालेलं नाही. ज्या साइटना तुम्ही परवानगी दिली त्यातल्या काही भुरट्या आहेत. लोकांना घाबरवून आपल्या पानावर ओढणं हाच त्यांचा धंदा. त्या चौकोनावर क्लिक करायचं नाही, त्यातल्या नंबरला फोन करायचा नाही.

“फोन केला न्हाय मी,” अण्णा म्हणाले. “हिनं मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवलाय.”

स्वयंपाकघरात आईनं भांडं जोरात ठेवलं.

मग मी शिकल्यासवरल्या माणसासारखा वागलो आणि व्हायरस शोधणारा एक फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला. त्यानं बराच वेळ सगळा संगणक तपासला, काही सापडलं नाही असं मान्य केलं आणि लगेच त्याच उजव्या कोपऱ्यात स्वतःचा चौकोन वर सरकवला : ‘आपण अद्याप पूर्णपणे सुरक्षित नाही.’ याचं व्याकरण मात्र निर्दोष होतं.

“बघ,” अण्णा म्हणाले. “हा बी तेच म्हणतोय.”

चाचा चहाचा कप खाली ठेवून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी तो प्रोग्राम काढून टाकला आणि जे आधीच करायला हवं होतं ते करायला घेतलं. ब्राउझरच्या सेटिंग्ज उघडल्या, त्यात गोपनीयता, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन. परवानगी दिलेल्या सगळ्या साइट तिथं एकाखाली एक उभ्या होत्या. हवामान आणि बाजारभाव होते, पण त्यांच्या मध्ये मध्ये अशी नावं, की ती कुठल्या भाषेतली तेही सांगता येऊ नये. प्रत्येकीपुढं तीन ठिपके होते. ते दाबले की ब्लॉक हा शब्द येतो. मी पहिल्या नावापुढचे ठिपके दाबले, तेवढ्यात अण्णांनी माझा हात धरला.

“थांब. नको.”

“अण्णा, हे सगळं खोटं आहे.”

“मला कळतंय. मास्तर होतो मी. पण ह्यात एखादं खरं असलं तर? तू सगळ्यांची तोंडं बंद करणार. मग खरं सांगायला जे येईल, ते कुठनं येईल?”

पकड घट्ट होती. पुस्तकांत या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं आहेत. ज्याच्या अंगावर घर पडलं आहे त्याला त्यातलं कुठलं द्यायचं, हे तिथं लिहिलेलं नसतं. मी माउस सोडला. चाचांनीही मान खाली घातली.

आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि अण्णांच्या खुर्चीमागं उभी राहिली.

“अवो,” ती म्हणाली, “कुणी सांगितलं न्हाय, कुणी सांगितलं न्हाय, म्हणता तुम्ही. आदल्या साली भुई गुरगुरत नव्हती का?”

अण्णांनी पडद्यावरची नजर काढली.

“भांडी वाजायची. आपण समदी अंगणात बाजा टाकून झोपायचो. सासूबाई तर तुळशीपाशीच. किती दिवस झोपलो? पाऊस आला, आत गेलो. पुन्हा गुरगुरलं, पुन्हा भायेर. मग कटाळलो. मग तुमचे भाऊ काय म्हणायला लागले, सांगा की ह्याला.”

हे मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरात काकांचा फोटो आहे, पण त्यांचं एखादं वाक्य नाही.

“भुईला ढेकर आला म्हणायचा,” अण्णा म्हणाले. “झोपा म्हणायचा, पचंल तिला.”

“व्हय,” आई म्हणाली. “नि आपण समदे हसायचो. मी बी. रोज वाजायला लागलं की ते कानाला वाजतच न्हाय. तुम्ही आता हे रोज वाजवून घ्यायलाव. चार महिन्यांनी तुम्ही बी ह्याला ढेकरच म्हणणार. मग खरं आलं तर?”

एवढं बोलून ती आत गेली. दूध उतू जायला आलं होतं.

पडद्यावर आणखी दोन चौकोन येऊन गेले. मग अण्णांनी माझ्यापुढचा माउस स्वतःकडं ओढला आणि म्हणाले, “कुठं दाबायचं?”

मी ठिपके दाखवले. त्यांनी एकेक नाव मोठ्यानं वाचलं. उच्चार करता येईना ती नावं अक्षर अक्षर वाचली. वाचल्याशिवाय त्यांनी कुणाला ब्लॉक केलं नाही. भूकंपानंतर शाळा तंबूत भरायची तेव्हा ते हजेरी अशीच सावकाश घेत, हे मला आठवतं. प्रत्येक नावानंतर थोडं थांबत. आता थांबण्याचं कारण एवढंच होतं, की बाण ठिपक्यांवर नेमका जात नव्हता. हवामानाची साइट आली तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. हिची सूचना राहू द्या, मी म्हणालो, पण इथं नको, मोबाइलवर आलेली बरी, तुम्ही शेतात असलात तरी कळेल. आईनं मोबाइल पीठ झटकून आणून दिला. शेवटी कुठल्याही साइटनं परवानगीच मागू नये, अशी एक ओळ असते, ती मी त्यांच्याकडूनच निवडून घेतली. पडद्याचा कोपरा रिकामा झाला.

अण्णा खुर्चीतून उठले. उठताना गुडघे वाजले. त्यांनी बाहेर जाऊन तोंड धुतलं आणि चाचांबरोबर स्तंभाच्या बाजूनं, जुन्या गावाकडं फिरायला गेले. परत आल्यावर आईनं ताट वाढलं ते स्वयंपाकघरात, आणि त्यांनी भाकरी मागून घेतली.

दिवाळीला गेलो तेव्हा त्यांचे गाल भरलेले दिसले. संगणकावर आता एकच सूचना येते. ती संगणकाचीच असते आणि खरी असते. सुरक्षेसाठीचं महत्त्वाचं अपडेट आलं आहे, कृपया संगणक पुन्हा सुरू करा, असं ती सांगते. अण्णा चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचतात आणि ‘नंतर आठवण करून द्या’ दाबतात.