मिठाचा धोंडा परत डोंगरावर

आमच्याकडे दूध घालणारे जानूमामा एका सकाळी किटली खाली ठेवून म्हणाले, "आवं ताई, तुमच्या गाडीच्या डिकीत धोंडा मावंल का?" कोयनेला जायचं माझ्या डोक्यात कधीपासून घोळत होतं. सोबतीला धोंडा येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

मामा गवळी धनगर. त्यांचे वडील कोयनेच्या वरच्या जंगलातली वस्ती सोडून सांगलीजवळ उतरले, चुलत भावंडं वरच राहिली. म्हशींना ज्यावर मीठ चाटवायचं तो दगड कळपाबरोबर हलवायचा, ही या लोकांची रीत. त्यामुळे वडिलांनी तोही खाली आणला. आता वरच्या वस्तीनं आपल्या जमिनीवर वनहक्काचा दावा केलाय. तीन पिढ्या इथेच राहिलो याचा पुरावा दाखवायचाय, आणि पुरावा पडलाय सांगलीच्या गोठ्यात!

दगड पाहिला आणि माझी थट्टा थांबली. काळ्या दगडावर म्हशींच्या जिभांनी पाडलेले खळगे होते, बोट ठेवलं की घसरत होतं. किती म्हशी, किती संध्याकाळी चाटत आल्या असतील!

सांगली ते पेठ नाका रस्त्यानं माझी आणि मामांची हाडं खिळखिळी केली. हायवेला लागल्यावर जिवात जीव आला. मलकापूरला मिसळ हाणली, कराडला टाकी फुल केली. तुम्हीही तिथेच भरा, कारण पाटणनंतर मोबाईलची रेंज जाते आणि पंपही विरळ होतात. कोयनानगरच्या पुढे कच्चा रस्ता संपला तिथं गाडी ठेवली. पुढे खडी चढण आहे, पाणी आणि चांगले बूट हवेतच.

आजारी माणसाला खाली नेतात त्याच डोलीत वस्तीवरच्या चौघांनी दगड बांधला. "म्हातारीला माघारी न्येतूय गड्या, दमानं!" त्यातला एक हसत म्हणाला.

वर मामांच्या थोरल्या चुलत बहिणीनं, बायजाक्कानं, नाचणीची भाकरी, खर्डा आणि घट्ट दही वाढलं. जेवणाचे पैसे विचारले तर रागावल्या. दुपारी गावची वनहक्क समिती आणि वनखात्याचे एक साहेब पाहणीला आले. वस्तीजवळच्या कातळात हा दगड पूर्वी बसायचा ती खोलगट बैठक अजून होती. त्यावर धोंडा ठेवला, तर तो डुगडुगला.

"दगड काय, कुठूनही आणता येतो," साहेब म्हणाले. मामांचं तोंड उतरलं.

तेवढ्यात आक्का ओरडल्या, "आरं जानू, येडा हाईस का? त्वांड उगवतीला कर की! म्हशी तिकडनंच यायच्या न्हवं?"

दगड फिरवला. तो असा बसला, की चौघांनी जोर लावला तरी हलेना. साहेब वाकले, बैठकीच्या कडेनं हात फिरवला आणि फोटो काढायला लागले. मी किल्ले पाहिलेत, लेणी पाहिलीत, पण इतकी थक्क कुठेच झाले नव्हते. हा धोंडा कोरणाऱ्या म्हशींना आपण काही कोरतोय हे ठाऊकही नव्हतं.

घरी येऊन बरेच दिवस झाले. ग्रामसभेनं दावा मान्य केला. आता तो वरच्या समित्यांकडे गेलाय, निकाल कधी लागेल कुणालाच सांगता येत नाही. दगड परत आणायचा का, असं मामांना विचारलं.

"न्हाई ताई. आता त्यो हलला तर आमी तिथलं न्हवंच म्हनतील."

परवा संध्याकाळी दुधासाठी मीच गोठ्यावर गेले. घमेल्यात मीठ ठेवलेलं होतं, पण एकही म्हैस त्याला तोंड लावत नव्हती. मामा तळहातावर मीठ घेऊन एकेकीपुढं उभे राहत होते.